न्यू जर्सीत भाड्याचं घर: सहीआधी भीड सोडा

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय असलेल्या माणसाला इथल्या लीजची जाडी पाहूनच धडकी भरते, आणि मग न वाचताच सही ठोकली जाते. एडिसन, पार्सिपनी, जर्सी सिटीत मुरलेल्या आपल्या कुटुंबांशी बोलून हे टिपण केलं आहे. सगळ्यांचा सूर एकच: घरमालकाने काय काय सांगायचं हे इथे कायद्याने ठरलेलं आहे, तेव्हा विचारायला लाजू नका. मालक देशी असेल, मंडळातल्या कुणाच्या ओळखीचा असेल, तर जास्तच विचारा. ‘घरच्यासारखं’ म्हणून तोंडी ठरवलेलंच पुढे चिघळतं.

पहिला प्रश्न पुराचा. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसाने या राज्यात 30 जणांचे प्राण घेतले. आता 20 मार्च 2024 पासून, घर पूरप्रवण क्षेत्रात आहे का आणि तिथे पूर्वी पाणी शिरल्याचं मालकाला माहीत आहे का, हे लीजवर सही होण्याआधी लेखी द्यावं लागतं. छोट्या इमारतींना यात सवलती आहेत. तिथे आपणच ईमेलवर विचारायचं, म्हणजे उत्तरही लेखी मिळतं. सरकारी पूरनकाशा पत्ता टाकून फुकट पाहता येतो. शिवाय बेसमेंटमध्ये उतराच. वॉटर हीटरच्या पायाशी गंजाची आडवी रेघ, वॉशिंग मशीन विटांवर चढवलेलं, भिंतीचा खालचा हातभर पट्टाच नव्या रंगाचा, असं काही दिसलं की समजून जा. नेहमीच्या रेंटर्स इन्शुरन्समध्ये पुराचं नुकसान धरत नाहीत, ते वेगळं घ्यावं लागतं.

घर 1978 च्या आधीचं असेल तर शिशाच्या रंगाबद्दल मालकाला जे माहीत आहे ते सांगणं आणि त्याची सरकारी पुस्तिका देणं देशभर बंधनकारक आहे. रांगतं मूल खिडकीच्या चौकटीला तोंड लावतं, म्हणून हा कागद नुसता फाइलला लावू नका, वाचा. इमारतीत तीन किंवा जास्त घरं असतील आणि तुमचं मूल दहा वर्षांचं किंवा लहान असेल, तर खिडक्यांना गार्ड बसवून मागता येतात. मागणी मात्र लेखी हवी.

लीजची मुदत संपली म्हणून ‘निघा’ असं इथे सहसा म्हणता येत नाही. 1974 च्या कायद्यानुसार सबळ कारण लागतं. मालक त्याच इमारतीत राहत असेल आणि भाड्याची घरं दोन किंवा कमी असतील, तर हे संरक्षण नाही.

आता डिपॉझिट. नव्याने आलेल्याला क्रेडिट हिस्टरी नसते, म्हणून तीन-तीन महिन्यांचं मागणारे भेटतात. कायद्याची मर्यादा दीड महिन्याच्या भाड्याची आहे, ‘वरचे पैसे पेटसाठी’ म्हटलं तरी तीच. पैसे कोणत्या बँकेत, कोणत्या प्रकारच्या खात्यात, किती व्याजाने ठेवले हे मालकाने 30 दिवसांत लेखी कळवायचं असतं. कळवलं नाही, तर ती रक्कम वर्षाला 7 टक्के व्याज धरून भाड्यात वळती करा, असं तुम्ही लेखी सांगू शकता. टू-फॅमिली घरात मालक वर आणि तुम्ही खाली असाल, तर हा डिपॉझिटचा कायदा आपोआप लागू होत नाही. तो लागू व्हावा म्हणून मालकाला 30 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. चार ओळींचं पत्र पुरतं, पण बहुतेकांना हे घर सोडताना कळतं.

राहायला जाल त्या दिवशीच रिकाम्या घराचा व्हिडिओ काढून मालकाला ईमेल करून ठेवा. सोडताना नवा पत्ता लेखी द्या. लीज संपल्यापासून 30 दिवसांत डिपॉझिट, कापलं असेल तर बाबवार हिशोबासह, परत यायला हवं. विनाकारण अडवलेल्या रकमेच्या दुप्पट वसुली कोर्टातून मिळू शकते, आणि स्मॉल क्लेम्समध्ये त्यासाठी वकील लागत नाही.