व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि ‘ओव्हरड्राइव्ह’ : एक पाठ

बिद्रीच्या आपल्या वसतिगृहाच्या भांडारात व्हॉल्व्हचा एक जुना ॲम्प्लिफायर आहे. गिटार शिकणाऱ्या दोन मुलांनी यंदा विचारले, “सर, यात बदल करून गिटारसाठी ओव्हरड्राइव्ह काढता येईल का?” आम्ही इतिहासाचे शिक्षक; तरी हा प्रश्न आम्हांस जवळचा वाटला. आमच्या बालपणी गावच्या कार्यक्रमात अशा यंत्राच्या टेबलाजवळ आम्हां मुलांना उभे राहू देत नसत. म्हणून आत काय घडते, ते आधी समजून घेऊ.

१९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह सिद्ध केला. तापलेल्या कॅथोडकडून इलेक्ट्रॉन ॲनोडकडे धावतात. मधली जाळी, म्हणजे ग्रिड, त्यांना आवर घालते. ग्रिडवरील अल्पसा बदल ॲनोडपाशी अनेकपटींनी उमटतो. असे टप्पे एकापुढे एक जोडले की ॲम्प्लिफायर होतो.

परंतु प्रत्येक टप्प्याला मर्यादा असते. येणारी लहर फार मोठी झाली की एका बाजूस प्रवाह थांबतो, दुसऱ्या बाजूस ग्रिड स्वतःच प्रवाह ओढू लागते. लहरीचे माथे कापले जातात व मुळात नसलेले उपस्वर निर्माण होतात. हाच ओव्हरड्राइव्ह.

हा दोष की गुण? भीमराव कर्डकांच्या जलशांनी आणि पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या गीतांनी शब्दांतून समाज जागा केला. सभेत शब्द चिरला तर विचारच हरवतो. तेथे तो दोष. गिटारच्या तारेला मात्र तोच भरीवपणा देतो. १९६० च्या दशकात लंडनच्या जिम मार्शल यांच्या ॲम्प्लिफायरवर वादकांनी तो मुद्दाम मिळवला. हेतू बदलला, की मूल्यमापन बदलते.

बदलाचे मुख्य मार्ग तीन. पहिला : दोन टप्प्यांमधून किती लहर पुढे जावी, हे ठरवणे, अधिक सोडली तर पुढचा टप्पा लवकर भरून वाहतो. दुसरा : कॅथोडचा रेझिस्टर वाढवणे, त्यामुळे लहरीची एक बाजू आधी कापली जाते. तिसरा : त्या रेझिस्टरला समांतर असलेला कॅपॅसिटर लहान करणे, २५ मायक्रोफॅरडऐवजी ०.६८ लावल्यास खर्जाचे वर्धन घटते आणि आवाज गढूळ होत नाही. एका वेळी एकच बदल करावा, ऐकावे, वहीत नोंदवावे.

सावधान! आत शेकडो व्होल्टचा दाब असतो, आणि यंत्र बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये भार उरतो. तो रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने तपासूनच हात घालावा, तोही जाणकाराने. विद्यार्थ्यांनी पाहावे, विचारावे, नोंद घ्यावी.

आमचा निर्णय असा : दोन इनपुटांपैकी एकाच्याच मार्गात बदल करावा, दुसरे वंदना व भाषणासाठी पूर्ववत राहावे. काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून त्यावर जागा व तारीख लिहावी. जुने यंत्र हेही इतिहासाचे साधन आहे. केलेला बदल पुढच्या पिढीला उलटवता आला पाहिजे.

ज्या टेबलापासून आम्हांस दूर ठेवले, त्याच्याभोवती आज आमची मुले वही घेऊन बसली आहेत. याचे समाधान आम्हांस फार मोठे आहे.