खसखस व अनारसे
खसखस हें अफूच्या बोंडांतील बीं होय. मादक गुण बोंडाच्या चिकांत असतो. पक्व बियांत तो जवळजवळ नसतो. तथापि १९८५ च्या कायद्यान्वयें परवान्यावांचून अफूचें झाड लावणें गुन्हा आहे व महाराष्ट्रांत असे परवाने मिळत नाहींत. यास्तव हौसेखातरही हें बीं परसांत टाकूं नये, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.

खसखशीचा खरा मान दिवाळीच्या अनारशांत. तांदूळ तीन दिवस भिजवावे; पाणी रोज बदलावें. मग निथळून सावलींत पसरावे व किंचित् ओलसर असतांनाच कुटून पीठ बारीक चाळावें. मूठभर पीठ बाजूस ठेवून उरलेल्यांत तितकाच चिरलेला गूळ व थोडें तूप मिसळावें. गोळा चार-पांच दिवस मुरूं द्यावा. अनारसा खसखशीवर थापावा. तळतांना खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्यानें तूप उडवावें, उलटूं नये. आंच मंद असावी.

प्रथम एकच अनारसा सोडून पाहावा. तो तुपांत हसला, म्हणजे पसरून विरूं लागला, तर बहुधा गूळ अधिक झाला असें समजावें व राखलेलें पीठ मिसळावें.

खसखशींत सुमारें निम्में तेल असल्यानें ती लवकर खंवट होते. म्हणून थोडीच आणावी व चाखून घ्यावी. एवढ्या दक्षतेनें घरच्या तुपाचा व श्रमाचा नाश टळेल.