जाहिरातीतली शाळा आणि वीस वर्षांचं कर्ज

प्रश्न : आम्ही भांडुपला भाड्याने राहतो. मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, मिस्टर विक्रोळीला खासगी कंपनीत आहेत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ८२ हजार, घरभाडं १७ हजार, शिल्लक १२ लाख. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. सासूबाई आमच्याकडेच असतात. दोन घरं पाहिली आहेत. एक बदलापूरला, स्टेशनपासून चार किलोमीटरवर. बांधकाम चालू आहे, टू बीएचके, ५६० चौरस फूट चटई क्षेत्र, किंमत ४४ लाख, ताबा अडीच वर्षांनी. माहितीपत्रकात संकुलातच इंग्रजी माध्यमाची शाळा दाखवली आहे. दुसरं डोंबिवली पूर्वेला, १८ वर्षं जुन्या सोसायटीतलं वन बीएचके, ४८ लाख. तिथून चालत जाता येतील अशा दोन जुन्या शाळा आहेत. मिस्टर म्हणतात, बदलापूरला खोली जास्त मिळते आणि शाळा दारात आहे. मला ठरवता येत नाही. काय करावं? — एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, या महिन्यात दोन्हीकडे टोकन देऊ नका. आधी शाळेबद्दल बोलू, कारण तुमच्या घरातला सगळा वाद तिच्यावरच अडलेला दिसतो.

माहितीपत्रकात शाळा दाखवली म्हणून शाळा होत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर आराखडा असतो. तो उघडून ती जागा नेमकी कुणाची आणि कशासाठी आहे ते पाहा. बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट निघते. शाळेची इमारत मंजूर आराखड्यातच असते, किंवा तो सुविधा भूखंड असतो आणि पुढे कुणाला तरी द्यायचा असतो, किंवा शेजारच्या जमिनीवर विकास आराखड्यात शाळेचं आरक्षण असतं आणि बिल्डरने ते आपल्या चित्रात रंगवलेलं असतं. पहिल्या प्रकारात तुम्हाला काही हक्क आहे, कारण रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार मंजूर आराखडा आणि सामाईक जागा दोन तृतीयांश खरेदीदारांच्या लेखी संमतीशिवाय बदलता येत नाहीत. तिसऱ्या प्रकारात हाती काहीच नाही. आरक्षण म्हणजे नकाशावरचा रंग. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपतं आणि शाळेच्या जागी आणखी एक इमारत उभी राहू शकते.

विक्री कार्यालयात तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी मागा. शाळा चालवणार कोण, तिला शासनाची परवानगी मिळाली आहे का, आणि शाळा करारनाम्याच्या सुविधांच्या परिशिष्टात तारखेसह लिहून देणार का? तिसऱ्याला नकार आला तर शाळा नाही असं धरून घराची किंमत करा. माहितीपत्रक आणि जाहिरातींच्या प्रती मात्र जपून ठेवा. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई, किंवा प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात. पण तो दावा आहे, ताई. त्यात वर्षं जातात आणि मुलगी तोवर तिसरीत पोहोचते.

समजा शाळा खरोखर सुरू झाली. तरी पहिल्या वर्षी ती बालवाडी आणि पहिली-दुसरीपुरतीच असेल आणि दरवर्षी एक इयत्ता वाढवत जाईल. अडीच वर्षांनी ताबा मिळेल तेव्हा तुमची मुलगी पहिलीत किंवा दुसरीत असेल, म्हणजे ती कायम तिथल्या सर्वांत वरच्या वर्गात, पहिल्या तुकडीत. दहावीची मान्यता वेळेत मिळेल का, गणिताचे शिक्षक टिकतील का, याचा अनुभव तिच्यावरच घेतला जाणार. मला ते पटत नाही. चालू शाळा असेल तर यूडायस क्रमांक विचारा, तो अकरा अंकी असतो. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतो, त्याही पाहा. मग सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना फाटकाशी उभं राहून पालकांशी बोला. सातवी-आठवीतल्या मुलांचे पालक जे सांगतील ते प्रवेश विभागाच्या खोलीत कळणार नाही.

घर जवळ घेतलं की प्रवेशाचा हक्क मिळतो, असं अनेकांना वाटतं. खासगी विनाअनुदानित शाळेत तसा हक्क नाही. अंतराला कायदेशीर वजन आहे ते शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांसाठी. तिथे आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग तीन किलोमीटरपर्यंतची, आणि अर्ज जास्त आले की सोडत. पण आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख आहे, तुम्ही त्यात बसत नाही. अनुसूचित जाती-जमातींसारख्या वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही. तुम्ही त्यात येत असाल तर अर्ज नक्की करा, आणि त्यासाठी घर स्वतःचं असावं लागत नाही, नोंदणीकृत भाडेकरार चालतो. उरलेल्या जागांसाठी कुठलीही शाळा मुलीची वा तुमची मुलाखत घेऊन निवड करू शकत नाही, देणगीही मागू शकत नाही. कलम १३ ने दोन्हींना मनाई आहे. अनुदानित शाळांकडे पाठ फिरवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. डोंबिवलीत पिढ्यान्‌पिढ्या नाव राखलेल्या शाळा आहेत आणि तिथे आठवीपर्यंत फी नाही. दोन मुलांची फी वाचणं म्हणजे तुमच्या घरात कर्जाचा मोठा हिस्सा फिटणं आहे.

आता पैसा. ४४ लाखांच्या घरावर १ टक्का जीएसटी, असं तुम्हाला सांगितलं असेल. मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच तो दर लागतो. ५६० चौरस फूट म्हणजे ५२ चौरस मीटर, ते ठीक. पण ४५ लाखांत पार्किंग, विकास शुल्क, मजल्याचं जादा शुल्क अशा बिल्डरने लावलेल्या रकमाही धरल्या जातात. त्या मिळून आकडा ४७ लाख झाला तर दर ५ टक्के होतो. ४४ हजारांच्या जागी २ लाख ३५ हजार भरावे लागतील. म्हणून सगळा खर्च एका कागदावर मागा, ‘इतर शुल्क’ हा शब्द मान्य करू नका. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या आणि पुनर्विक्रीच्या घराला जीएसटी नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाही. बदलापूरला कर्ज ३५ लाख २० हजार. बांधकाम चालू असताना दिलेल्या रकमेवर व्याज आणि भांडुपचं भाडं, दोन्ही चालू राहणार. साडेआठ टक्के दर धरला तर पूर्ण रक्कम उचलल्यावर नुसतं व्याज महिन्याला २५ हजारांच्या आसपास. त्यात १७ हजार मिळवा. ८२ हजारांतले ४२ हजार जातात आणि घर अजून मिळालेलं नाही. ताबा लांबला तर रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे दरमहा व्याज मागता येतं, पण ते भाड्याच्या तारखेला हातात पडत नाही.

डोंबिवलीच्या घराला कर्ज ३८ लाख ४० हजार, त्याच दराने वीस वर्षांचा हप्ता साधारण ३३ हजार ३०० रुपये. भाडं बंद होईल, म्हणून तो पेलेल. अडचण सुरुवातीला आहे. स्वतःचे ९ लाख ६० हजार, ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ३ लाख ३६ हजार, नोंदणी ३० हजार, म्हणजे इथेच सव्वातेरा लाख. वर दलाली आणि सोसायटीची हस्तांतर फी. ती २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. देणगीच्या नावाखाली मागितली तर देऊ नका. म्हणजे तुमचे १२ लाख पुरत नाहीत, आणि आजारपणासाठी गाठीला काही उरत नाही. फरक भरायला वैयक्तिक कर्ज काढू नका. दोन लहान मुलं आणि वयस्क सासूबाई असलेल्या घरात तो हप्ता जिवावर येतो. घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, इथे ४८ हजार वाचतात. मिस्टर सहकर्जदार राहू शकतात, मात्र मालक नसल्याने त्यांना कर्जावरची आयकर सवलत मिळणार नाही. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नसते, त्यामुळे त्यात फारसं नुकसान नाही.

कागदांबद्दल. महारेराचा क्रमांक आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. डोंबिवलीत ६५ इमारतींना महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवण्यात आली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत तुमच्यासारखीच, कर्ज काढून आलेली माणसं राहत होती. बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख घेऊन थेट पालिकेच्या नगररचना विभागात खात्री करा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. बदलापूरच्या जागेसाठी उल्हास नदीची पूररेषाही पाहा. २६ जुलै २००५ आणि जुलै २०१९ तिथल्या लोकांना विचारलंत, तर पाणी कुठवर आलं होतं ते बोटाने दाखवतील.

डोंबिवलीच्या इमारतीसाठी भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हा पहिला प्रश्न. नसेल तर पुढे बोलणी करू नका, घर कितीही आवडलं तरी. मग पहिल्या खरेदीपासूनचे सगळे मूळ करारनामे आणि इंडेक्स टू, भाग प्रमाणपत्र, सोसायटीचं ना हरकत पत्र, आणि जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालं आहे का ते पाहा. ते झालं नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी सगळं अडतं, आणि वीस वर्षांच्या कर्जात ती वेळ तुमच्यावर येऊ शकते. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची रचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची असते. तिचा अहवाल मागा.

माझं मत : आधी डोंबिवलीत, त्या दोन शाळांपैकी जिथे प्रवेश मिळेल तिच्या जवळ, भाड्याने राहायला जा. तुमच्या ड्युटीचं ठिकाण ठाणे. डोंबिवली ठाण्यापासून रुळावरून १५ किलोमीटरच्या आसपास आहे, बदलापूर सुमारे ३४, आणि त्यावर स्टेशनपासूनचे चार किलोमीटर वेगळे. रात्रपाळी करून आल्यावर हा फरक तुम्हालाच सोसायचा आहे. डोंबिवलीत सासूबाई नातीला हाताला धरून शाळेतून आणू शकतील. भाडं आजच्याइतकंच ठेवा आणि हप्ता सुरू झाला असं समजून वरचे १६ हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. १८ महिन्यांत २ लाख ८८ हजार जमतील, तुमची तूट भरून निघेल, आणि ३३ हजारांचा हप्ता खरंच झेपतो का तेही कळेल. तोवर किमती वाढतील, हे मिस्टरांचं म्हणणं चूक नाही. दोन-तीन लाख वाढू शकतात. ती जोखीम मला रिकाम्या भूखंडावरच्या शाळेपेक्षा लहान वाटते. व्यवहार ५० लाखांवर गेला तर विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी तुमची असते, हे लक्षात ठेवा.

पाच माणसांना वन बीएचके अपुरं पडेल, हे खरं आहे. मुलं मोठी होतील तसं जास्तच. त्यासाठी बदलापूर बाद करू नका. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं, स्टेशनपासून चालत जाता येईल असं टू बीएचके दीड वर्षानंतर परवडत असेल, तर तेव्हा डोंबिवलीच्या शेजारी ठेवून पाहा. मुलगी बारा वर्षांत शाळेतून बाहेर पडेल, हप्ते वीस वर्षं चालतील. तेव्हा शाळा वजा केली तरी घर घ्यावंसं वाटतं का, हे दोघांनी मिळून ठरवा.

प्रश्न : शाळेजवळचा प्रकल्प म्हणून दोन लाख भरून फ्लॅट बुक केला. वाटपपत्र मिळालं, करारनामा झालेला नाही. आता माघार घ्यायची आहे, एजंट म्हणतो पैसे बुडाले. — एक वाचक, कल्याण

उत्तर : बुडालेले नाहीत. महारेराच्या नमुना वाटपपत्रात कपातीची मर्यादा ठरलेली आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रद्द केलं तर कपात नाही, १६ ते ३० दिवसांत घराच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. तुमच्या पत्रातली अट याहून कडक असेल तर तेच आक्षेपाचं कारण होतं. आजच लेखी कळवा, ईमेल आणि नोंदणीकृत टपाल दोन्हींनी, कारण प्रत्येक टप्प्याला रक्कम वाढते. एजंटकडे महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. नोंदणीशिवाय त्याला व्यवहारात पडता येत नाही. आणि करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागितली असेल, तर तो रेरा कायद्याच्या कलम १३ चा भंग आहे, तक्रारीत तेही लिहा.