व्हीलचेअर घेऊन पार्कच्या सहलीला जाताना

थंडी पडली की वस्तीवस्तीतून सहली निघतात. कधी महिला मंडळाची, कधी तरुण मंडळाची, कधी अभ्यासिकेच्या मुलांची. वर्गणी काढायची, बस ठरवायची, पहाटे निघायचे आणि वॉटर पार्क किंवा मोठ्या राइड्सचा पार्क करून रात्री घरी यायचे. यादी करताना एखादे नाव मात्र हळूच गळते. पोलिओ झालेली ताई, अर्धांगवायूने एक बाजू गेलेले काका, परांचीवरून पडून कमरेखालची हालचाल गेलेला भाऊ. कोणी वाईट बोलत नाही. "तिथं गर्दी असते, त्यांना त्रास होईल," एवढेच म्हणतात. पण त्यांना स्वतःला काय वाटते, हे विचारायला कोणी जात नाही.

त्रास होतो, हे खरे आहे. पण त्यातला बराचसा तयारी नसल्यामुळे होतो. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना सांभाळून नेणारी आपली मंडळी पार्कच्या गर्दीला का घाबरतात, हे आम्हाला कळत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर याच विषयाची उजळणी करू.

सुरुवात फोनपासून. सहल ठरवण्याआधी पार्कच्या कार्यालयात फोन करा आणि नेमके प्रश्न विचारा. "व्हीलचेअर चालते का?" असे विचारले तर "हो, चालते" असेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा : फाटकापासून आत पायऱ्या किती? रांगेच्या लोखंडी कठड्यातून खुर्ची जाते का, की दुसऱ्या वाटेने सोडतात? दिव्यांगांचे शौचालय कुठे आहे आणि ते उघडे असते का? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. दारावर व्हीलचेअरचे चित्र आणि आत झाडू, बादल्या, मोडकी टेबले हे दृश्य आम्ही इतक्या ठिकाणी पाहिले आहे की आता आत गेल्यावर आधी एकाला किल्ली शोधायलाच पाठवतो. राइडबद्दलही विचारा : खुर्चीतून राइडच्या आसनावर बसवायला कर्मचारी मदत करतात का? पुष्कळ ठिकाणी कर्मचाऱ्यांना माणूस उचलायची परवानगी नसते. मग ते काम आपल्यालाच करावे लागते आणि ते जमणारी दोन माणसे सहलीत असावी लागतात.

आता खुर्ची. आपल्याकडे तीन प्रकारची वाहने दिसतात. हाताने पॅडल फिरवायची तीनचाकी, बॅटरीवरची तीनचाकी आणि घडीची व्हीलचेअर. परदेशात मोठ्या पार्कमध्ये बॅटरीची छोटी स्कूटर भाड्याने मिळते, तिच्यावर बसून लोक दिवसभर फिरतात. आपली तीनचाकी रस्त्यासाठी बनवलेली आहे. ती लांब असते, वळायला जागा लागते, रांगेच्या कठड्यात अडकते आणि बसच्या डिकीत मावत नाही. पार्कसाठी घडीचीच खुर्ची बरी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आत्ताच अर्ज करावा. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला असेल तर खुर्ची मिळू शकते. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची साधने या योजनेतून शिबिरांमध्ये वाटली जातात. ६० वर्षांपुढच्या गरीब ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना वेगळी आहे.

दान म्हणून आलेली खुर्ची बहुतेक वेळा माणसाच्या मापाची नसते. बसल्यावर मांडी आणि बाजूची पट्टी यांच्यात सपाट हात सहज सरकावा, इतकीच जागा हवी. जास्त रुंद खुर्चीत माणूस एका कुशीला कलतो आणि दिवसभरात एकाच ढुंगणावर भार येतो. रेक्झिनच्या झोळीवर तसेच बसवू नका, खाली चांगली जाड फोमची गादी घाला. मधे भोक असलेली गोल हवेची गादी आपल्याकडे लोक हौसेने घेतात. ती घेऊ नका. तिच्या कडेने रक्तपुरवठा दाबला जातो. निघायच्या आदल्या दिवशी चाकातली हवा आणि दोन्ही ब्रेक तपासा. बॅटरीची गाडी नेणार असाल तर रात्रभर चार्ज करा, आणि चढावर व जास्त वजनावर बॅटरी लवकर उतरते हे धरून चाला.

गर्दीत ढकलायचे कसे, हे शिकावे लागते. खुर्चीत बसलेल्या माणसाचे तोंड चालणाऱ्यांच्या कमरेइतक्या उंचीवर असते. सगळ्यांचे कोपरे, पिशव्या, आइस्क्रीमच्या काड्या त्याच्या चेहऱ्यावर येतात. म्हणून ढकलणाऱ्याच्या पुढे आपला एक माणूस अर्धे पाऊल चालावा आणि त्याने "बाजूला, बाजूला" म्हणत वाट मोकळी करावी. पाय ठेवायच्या पट्ट्या पुढच्याच्या घोट्याला लागतात आणि त्यावरून भांडण होते, तेही टळते. गर्दीच्या मधून जाऊ नका, एक कड धरा. थांबलात की ब्रेक लावा, मग ती जागा कितीही सपाट वाटो.

पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि गटाराच्या जाळ्या हा खरा शत्रू. पुढची छोटी चाके त्यात अडकली की माणूस पुढे फेकला जातो. जाळी आली की मागच्या दांड्याशी असलेल्या लोखंडी टोकावर पाय देऊन खुर्ची किंचित मागे कलवा आणि मोठ्या चाकांवर पार करा. एक पायरी चढताना तसेच. उतरताना मात्र खुर्ची उलटी फिरवा. आधी तुम्ही उतरा, मग मोठी चाके हळू खाली घ्या. तीव्र उतारावरही उलटेच उतरायचे. कायद्यातल्या मापानुसार रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. तीन पायऱ्यांवर चार फुटांची फळी टाकून त्याला रॅम्प म्हणत असतील तर तिथे चार माणसे लागतील, एकट्याने धाडस करू नका. खुर्ची उचलायची वेळ आली तर हात टेकायच्या पट्ट्या किंवा पायाच्या पट्ट्या धरू नका, त्या निघून हातात येतात. मूळ सांगाडा धरा.

आणि पिशव्या! सहलीत सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, ओले कपडे खुर्चीच्या दांड्याला अडकवायची आपली सवय. खुर्चीतला माणूस पुढे सरकला किंवा उतरला की ती मागे उलटते. चढावर तर बसलेल्या माणसासकट उलटते. खुर्ची हमालाची गाडी नाही, आणि तिच्यातल्या माणसाच्या मांडीवरही सामान ठेवू नये, ते नको म्हणत नसले तरी.

ढकलणाऱ्याबद्दलही एक सांगायचे आहे. बहुतेक वेळा ती आई असते, बायको असते किंवा धाकटी बहीण असते. तिने तिकीट काढलेले असते आणि दिवसभरात ती एकाही राइडवर बसत नाही. आम्ही ज्या मंडळांना सल्ला देतो त्यांना तासातासाची पाळी कागदावर लिहायला सांगतो, आणि पहिली पाळी तरुण मुलांची. ढकलण्याआधी बसलेल्या माणसाला विचारायचे, "नेऊ का?" न विचारता मागून खुर्ची हलवणे म्हणजे चालत्या माणसाला मागून ढकलण्यासारखेच.

राइडवर बसायचे की नाही, हा निर्णय त्या माणसाचा, पण काही गोष्टी डोक्यात हव्यात. ज्याला आधाराशिवाय धड सरळ बसता येत नाही किंवा मान सावरता येत नाही, त्याने झटके देणाऱ्या राइडवर बसू नये. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, त्यांच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारा. अर्धांगवायू होऊन गेलेले, हृदयविकाराचे, फिटचे रुग्ण यांनीही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. वर्षानुवर्षे न चाललेल्या पायांची हाडे ठिसूळ होतात. आसनात बसवताना पाय पिळला तरी मोडू शकतो आणि संवेदना नसेल तर दुखत नाही. पाय अचानक सुजला, गरम लागला तर "मुरगळला असेल" म्हणून मालिश करू नका, एक्स-रे काढा. शिवाय राइड मधेच बंद पडली तर खाली कसे उतरवणार, हे चढण्याआधी विचारून घ्या.

वॉटर पार्कमध्ये आमची काळजी वेगळी असते. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही, त्यांना उन्हात तापलेली घसरगुंडी भाजते हे कळत नाही. खुर्चीच्या लोखंडी पट्टीवर अनवाणी पाय ठेवला तरी फोड येतो. पायात मोजे असू द्या, पट्टीवर आधी आपला हात लावून बघा. ओल्या कपड्यात दोन-तीन तास बसले की कातडी पांढरी, मऊ पडते आणि जखम लवकर होते, म्हणून कोरडे कपडे दोन जोड न्या. मणक्याला वरच्या भागात मार असेल तर त्याखाली घाम नीट येत नाही, शरीर तापत जाते. दुपारी बारा ते तीन सावलीत थांबा, मानेवर ओला पंचा ठेवा.

बसून राहण्याचा नियम सोपा आहे. दर अर्ध्या तासाने भार हलवायचा. हातात बळ असेल त्याने हातांवर उचलून, नसेल त्याने दोन मिनिटे पुढे मांडीवर वाकून, तेही जमत नसेल तर कोणीतरी एकेका बाजूला कलवून. मोबाइलवर गजर लावा, गर्दीत आठवण राहत नाही.

शौचालयाच्या भीतीने आपल्या बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग संध्याकाळी डोके दुखते आणि दोन दिवसांनी लघवीला जळजळ. पाणी तोडू नका. लघवीची पिशवी असेल तर ती कायम ओटीपोटाच्या खाली लटकलेली हवी, मांडीवर घेऊ नका. अर्ध्याच्या वर भरली की रिकामी करा, आणि नळी चाकात किंवा मांडीखाली दबत नाही ना ते बघा. मानेत किंवा छातीच्या मध्यापासून वर मणक्याला मार लागलेल्या माणसाचे डोके एकदम ठणकू लागले, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर ते ऊन लागले असे समजू नका. मूत्राशय तुंबल्यामुळे किंवा नळी दबल्यामुळे रक्तदाब धोक्याच्या पातळीवर चढू शकतो. आडवे झोपवू नका, सरळ बसवा. कमरेचा पट्टा, घट्ट कपडे सोडा, नळी सरळ करा. उतार पडला नाही तर लगेच दवाखाना.

आता कायद्याचे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात मनोरंजन आणि सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क लिहिलेला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, बंधनकारक नियम करा. त्यामुळे फाटकावर कोणी "आमच्याकडे सोय नाही" म्हणून परत पाठवले तर वाद घालत बसू नका. फोटो काढा, वेळ लिहा, व्यवस्थापकाचे लेखी उत्तर मागा आणि पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयाकडे तक्रार करा.

सोय होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातले सॅन अँटोनियो शहर दाखवावे. गॉर्डन हार्टमन नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने आपल्या दिव्यांग मुलीच्या नावाने तिथे २०१० मध्ये मॉर्गन्स वंडरलँड हा पार्क उघडला. दिव्यांगांना प्रवेश मोफत. चक्रपाळण्यावर खुर्चीसकट चढता येते. २०१७ मध्ये शेजारीच वॉटर पार्क झाला, तिथे पाण्यात न्यायच्या खुर्च्या विजेऐवजी दाबलेल्या हवेवर चालतात. चेन्नईच्या मरिना समुद्रकिनाऱ्यावर २०२२ मध्ये लाकडी वाट बांधल्यावर खुर्चीतली माणसे पाण्याच्या काठापर्यंत गेली. थोड्याच दिवसांत वादळाने ती वाट मोडली, पण वाट होऊ शकते हे तर दिसले.

परतीची घाई करू नका. पार्क बंद होताना फाटकावर सगळ्यात जास्त रेटारेटी असते. अर्धा तास आधी निघा, नाही तर बाकावर बसून गर्दी ओसरू द्या. बसवाल्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे खुर्चीसाठी डिकी रिकामी मिळते.

घरी आल्यावर कितीही उशीर झाला तरी कपडे बदलताना दिवा लावून कातडी तपासा. माकडहाड, ढुंगणाची हाडे, टाचा, घोटे आणि घसरगुंडीला घासलेली पाठ. स्वतःला दिसत नसेल तर आरसा धरा. लाल डाग दिसला तर त्यावर बोट दाबा. दाबल्यावर फिकट होऊन अर्ध्या तासात गेला तर ठीक. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा काळसर लागते का ते हाताने बघा. डाग तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवायचे नाही, त्या जागेवर भार न देता कुशीवर झोपवायचे, चोळायचे नाही, आणि कातडी उघडली असेल तर हळद, पावडर काही न लावता आरोग्य केंद्रात दाखवायचे. खुर्चीची गादी उन्हात वाळवा आणि चाकातली वाळू-चिखल पुसून आसाला दोन थेंब तेल सोडा, नाहीतर आठ दिवसांत बेअरिंग करकरायला लागतात.