शेळीची ‘दगडी’ आणि उरलेले औषध

मुलांनो, शाळेत उशीर झाला की “गुरुजी, बकरी दोहत होतो” हे उत्तर मी रोज ऐकतो. म्हणून आज बकरीच्या कासेचाच पाठ घेऊ.

मी तुमच्याएवढा असताना आमच्या घरी काळी नावाची बकरी होती. आम्ही तिला गावरान म्हणायचो. आता बेरारी ही आपल्या विदर्भाची जात म्हणून नोंदलेली आहे. काळी व्याली, दोन पिलं झाली. पाच-सहा दिवसांनी ती पिलांना जवळ येऊ देईना, लाथा मारी. पाहतो तर कासेची एक बाजू गरम आणि दगडासारखी टणक, दुधात दह्यासारख्या गाठी. आजी म्हणाली, “नजर लागली वं तिले!” मिरच्या ओवाळून झाल्या.

हिलाच आपल्याकडे दगडी म्हणतात, पुस्तकात कासदाह. सडाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून जंतू आत शिरतात. ओला गोठा, मळके हात, पिलांच्या दातांनी सडाला झालेली जखम, एवढे त्यांना पुरते. यातला मोठा गुन्हेगार स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सूक्ष्मदर्शकात तो द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. तो माणसाच्या नाकात व कातडीवरही राहतो.

गावात सुया टोचणारा एक जण होता. त्याने एक सुई दिली, सूज उतरली. बाबा म्हणाले, “बरी झाली नं, आता कायले पैसे घालवता?” उरलेली बाटली देवळीत ठेवली. आठ दिवसांनी दगडी पुन्हा उलटली. तीच बाटली काढली, पण गुण आला नाही. कास निळी-काळी, गार पडली. एक सड कायमचा गेला आणि एक पिलू उपासाने मेले. औषध शिळे झाले होते की जंतू निबर झाले होते, हे आता सांगता येणार नाही. दूध तपासले कोणी?

जंतू निबर होतात म्हणजे काय, हे कपाशीवरून समजेल. बीटी कपाशी 2002 साली आली, तेव्हा बोंडअळी मरत होती. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात त्याच बोंडात गुलाबी अळी निघाली. ज्या थोड्या अळ्या विषाला पुरून उरल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. जंतूंचे तसेच, फक्त ते अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. शिवाय शेजारणीला उसने मीठ द्यावे तसा हा गुण ते दुसऱ्या जंतूला देतात!

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 साली लंडनमध्ये पेनिसिलीनचा शोध लागला, तो याच स्टॅफिलोकॉकसच्या बशीत बुरशी पडल्यामुळे. 1945 साली नोबेल पारितोषिक घेताना त्यांनीच बजावले की, अपुरे औषध दिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतील. आपल्या पिंपरीचा सरकारी कारखाना 1954 सालचा. तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. असे मोलाचे औषध आम्ही देवळीत ठेवून दिले.

तेव्हा दगडी दिसली की आधी जनावरांच्या दवाखान्यात जायचे. शक्य तर सुईच्या आधी दुधाचा नमुना द्यावा. प्रयोगशाळेत जंतू बशीत वाढवून त्यावर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतात. जिच्याभोवती जंतू वाढत नाहीत ते औषध लागू. मग डॉक्टर सांगतील तितके दिवस पुरते द्यायचे. त्या दिवसांतले, आणि नंतरही ते सांगतील तितके दिवसांचे दूध चहाला घ्यायचे नाही. उकळल्याने जंतू मरतात, औषध मात्र दुधातून पुरते जात नाही. आजारी बकरी सर्वांत शेवटी दोहावी. तिचे दूध गोठ्यात सांडू नये.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. रोज पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर काढा. गाठी, पू, रक्त लगेच दिसते. फाटक्या छत्रीचे कापड यासाठी उत्तम.