रंगापूर्वी उघड्या लोखंडाचे रक्षण

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडामुळे जमिनीत विष भिनेल, अशी भीती अनेक शेतकऱ्यांना वाटत होती. ती भीती निराधार ठरली. लोखंडाला गंज खातो, ही गोष्ट मात्र खरी आहे. दुधनीच्या परिसरात तूर व ज्वारीच्या पेरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांपैकी खतपेटी सर्वांत आधी सडते. पेटीला भोके पडली म्हणजे खत कोठे कमी, कोठे अधिक पडते. आणि ऐन वापशावर यंत्र दुरुस्तीस न्यावे लागले तर पेरणीची वेळ हुकते.

म्हणून पुष्कळ शेतकरी उन्हाळ्यात जुना रंग काढून नवा देतात. तरीही एका पावसाळ्यातच रंगाला फोड येतात. हा दोष बहुधा रंगाचा नसतो. रंग काढणे व अस्तर देणे या दोन कामांमधील हयगयीचा असतो.

गंज का चढतो?

लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज चढू लागतो. त्यासाठी पाऊसच पडावा लागतो असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांवर गेली की, डोळ्यांना न दिसणारा ओलावाही पुरेसा होतो. रात्रीचे दव, हाताचा घाम व खताचे क्षार हे काम अधिक वेगाने घडवितात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने तो रंगाखाली फुगतो व रंग उचलून टाकतो.

कामाचा क्रम

१. प्रथम खतपेटी रिकामी करून भरपूर पाण्याने धुवावी व उन्हात पूर्ण वाळवावी.

२. रंग तारेच्या ब्रशाने व पॉलिश पेपरने काढावा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी. काम मुले, गुरे व वैरण यांपासून दूर करावे आणि खरवड कागदावर गोळा करावी. असा रंग गुरांच्या पोटात गेल्यास विषबाधा होते.

३. गंजलेल्या खड्ड्यांत क्षार दडून राहतात. असे भाग स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावेत व पुन्हा हलके घासावेत.

४. यानंतर उघड्या लोखंडाला हात लावू नये. थिनरमध्ये भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने तेलकटपणा काढावा. रॉकेल वा डिझेल वापरू नये. त्याचा थर मागे राहून अस्तर धरत नाही. थिनर ज्वालाग्राही असल्याने जवळ विडी वा आग नसावी.

५. थिनर उडून जाताच रेड ऑक्साइड प्रायमरचे अस्तर द्यावे. जेवढ्या भागाला त्याच दिवशी अस्तर देता येईल, तेवढाच भाग एका वेळी उघडा करावा. सकाळी दव वाळल्यावर, सावलीत काम करणे उत्तम. तापलेल्या पत्र्यावर रंग नीट बसत नाही.

६. केवळ अस्तरावर अवजार पावसात ठेवू नये. डब्यावरील सूचनेप्रमाणे अस्तर वाळवून रंगाचे दोन हात द्यावेत.

काम अर्धवट राहिले तर

उघड्या भागास तेलाचा पातळ हात द्यावा. पुन्हा काम सुरू करताना ते तेल थिनरने पूर्ण पुसावे. रात्रीतून तांबूस झाक आली असल्यास तिच्यावर रंग देऊ नये. पुन्हा घासून, पुसून मगच अस्तर द्यावे. नांगराचा फाळ व मातीशी घासणारे इतर भाग रंगवू नयेत. ते स्वच्छ करून त्यांस ग्रीस लावावे.

प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पत्र्याचे दोन सारखे तुकडे घासून घ्यावेत. एकास तत्काळ अस्तर द्यावे. दुसऱ्यास घामेजलेला हात लावून रात्रभर दवात ठेवावे व सकाळी तसेच अस्तर द्यावे. दोहोंना एकच रंग देऊन पावसाळाभर उघड्यावर टांगावे. पावसाळ्याअखेर दोन्ही तुकडे शेजारी ठेवून गावकऱ्यांना दाखवावेत. रंगाचा डबा एकच असूनही फरक कशाने पडतो, हे त्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.