गोराईचा घुमट आणि ब्रह्मदेशाचे लोक

वाचन : प्रेषितांचीं कृत्यें १७:१६–३१, लूक २:१–७

बोरिवलीच्या बाजूनें खाडी ओलांडून गोराईस जातांना सोनेरी रंगाचा एक प्रचंड घुमट दुरूनच दृष्टीस पडतो. तो विपश्यना पॅगोडा होय. रंगून शहरांतील श्वेडगोन पॅगोड्याच्या धर्तीवर तो बांधिला असून २००९ सालीं त्याचें उद्घाटन झालें. आंत एकही खांब नाहीं; सुमारें ८,००० माणसें एकाच वेळीं ध्यानास बसूं शकतात. ह्या कार्याचे तेव्हांचे प्रमुख सत्यनारायण गोयंका ह्यांचा जन्म १९२४ सालीं ब्रह्मदेशांतील मंडाले येथें एका भारतीय हिंदु घराण्यांत झाला. ऊ बा खिन ह्या ब्रह्मी गुरूंपासून ते ही ध्यानपद्धति शिकले आणि १९६९ सालीं त्यांनीं ती भारतांत आणिली.

हा घुमट पाहून पुष्कळांस असें वाटतें कीं, ब्रह्मदेश म्हणजे एकाच वंशाच्या व एकाच धर्माच्या लोकांचा देश. ही समजूत खरी नाहीं. आणि अशा समजुतीपासून केवढा अनर्थ होतो, हें आजच्या पाठांत पाहावयाचें आहे.

ब्रह्मदेशास १९८९ पासून म्यानमार असें नांव आहे. सन २०१४ च्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या सुमारें ५ कोटी १५ लक्ष धरिली गेली. त्यांत शेंकडा ८८ बौद्ध, ६ ख्रिस्ती, ४ मुसलमान व सुमारें अर्धा हिंदु असें प्रमाण निघालें. वंशांनीं पाहिलें तर इरावती नदीच्या सखल खोऱ्यांतील बमार, म्हणजे मूळ ब्रह्मी, हे अदमासें दोन तृतीयांश होत. सभोंवारच्या मुलखांत शान, कारेन, काचिन, चिन, मोन, रखाइन इत्यादि लोक राहतात, आणि त्यांच्या भाषा निराळ्या आहेत. सरकार एकंदर १३५ जाती मानतें. चिन प्रांतांत शेंकडा ८५ लोक ख्रिस्ती आहेत. कारेनांत ख्रिस्ती पुष्कळ आहेत खरे, तथापि बौद्ध त्यांहून अधिक आहेत; म्हणून कारेन म्हटला कीं ख्रिस्ती, असें म्हणणेंही चुकीचेंच.

त्या देशांत शुभवर्तमान कसें गेलें, ही कथा आपल्या मंडळीच्या कथेची बहीणच आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं अमेरिकेंतील सेलम गांवीं जडसन, न्यूएल, नॉट, हॉल व राइस ह्या पांच तरुणांस एकाच वेळीं दीक्षा मिळाली. त्यांपैकीं हॉल व नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले, आणि त्यांच्या श्रमांतून अमेरिकन मराठी मिशन उभें राहिलें. जडसन त्याच वर्षीं रंगूनास पोहोंचले. पहिल्या ब्रह्मी मनुष्याचा बाप्तिस्मा होण्यास १८१९ साल उजाडलें. पुढें १८२८ सालीं को था ब्यू ह्या कारेनानें, जो पूर्वी दरोडेखोर होता त्यानें, बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या लोकांत गांवोगांव फिरून सुवार्ता सांगितली. तात्पर्य, डोंगरांतील मंडळ्या केवळ परदेशी पाळकांनीं नव्हे, तर त्याच्यासारख्या साध्या सुवार्तिकांनीं वाढविल्या.

आतां अनर्थाची गोष्ट. सन १९८२ च्या कायद्यानें, १८२३ पूर्वीं त्या भूमींत वसलेल्या जातींचेच लोक मूळ नागरिक होत, असें ठरलें. रखाइन प्रांतांतील रोहिंग्या मुसलमानांची गणना त्या जातींत नाहीं. २०१४ च्या शिरगणतींत ज्यांनीं आपणांस रोहिंग्या म्हणविलें त्यांची नोंद झाली नाहीं. अशीं न मोजलेलीं माणसें सुमारें १० लक्ष ९० हजार होतीं. २०१७ सालीं लष्कराच्या जुलमामुळें ७ लक्षांहून अधिक लोक बांगलादेशांत पळाले. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं लष्करानें सत्ता बळकाविल्यावर चिन व कया प्रांतांतील ख्रिस्ती गांवांवरही संकट आलें; चिन प्रांतांतील थांतलांग गांवचीं पुष्कळ घरें जाळलीं गेलीं. ज्या देशांत धर्म व वंश ह्यांवरून आपला कोण व परका कोण हें ठरतें, तेथें आज एकाची पाळी येते, उद्यां दुसऱ्याची.

पुनः गोराईकडे पाहा. पोर्तुगीज अमलांत ह्या भागांतील अनेक घराणीं रोमन कॅथलिक झालीं. १७३७ सालीं साष्टी मराठ्यांच्या हातीं आली, पुढें इंग्रजांच्या. राज्यें बदललीं, परंतु तीं घराणीं आपल्या भूमीवरच राहिलीं. आज ते ईस्ट इंडियन म्हणवितात; नांवें पोर्तुगीज वळणाचीं, परंतु घरची बोली मराठीचीच. धर्म पालटल्यानें ते परके झाले काय? मुळींच नाहीं. आपणांसही कोणी “तुम्ही साहेबाच्या धर्माचे” असें म्हटलें म्हणजे मनास लागतें. तर मग जो घाव आपणांस ठाऊक आहे, तो आपण दुसऱ्यास कसा द्यावा?

पौल अथेनैत वेद्या पाहत फिरला. त्याचा आत्मा संतप्त झाला, तरी त्यानें तेथील लोकांचा उपहास केला नाहीं. सर्व राष्ट्रांची उत्पत्ति एकच आहे हें त्यांस सांगून मग तो ख्रिस्ताकडे वळला. आपणही त्या घुमटापाशीं तसेंच वागावें. साक्ष लपवूं नये आणि शेजाऱ्यास तुच्छ लेखूं नये. आपला प्रभु स्वतः नांवनिशीच्या दिवसांत जन्मला. ज्यांचें नांव कोणत्याच वहींत नाहीं, त्यांस तो ओळखतो.

सुवार्तिकांनीं मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
१. ब्रह्मदेशांतील कोणत्या लोकांचीं नांवें तुम्हांस सांगतां येतील? त्यांचे धर्म कोणते?
२. जडसन व हॉल ह्यांचा परस्परसंबंध काय?
३. आपल्या गांवांत “परका” कोणास म्हणतात? ह्या आठवड्यांत त्याच्या घरीं कोण जाईल?

प्रार्थनेचा विषय : म्यानमारांतील सर्व धर्मांचे निराश्रित लोक, आणि चिन, काचिन व कारेन मंडळ्या.